बटणं कुणी लावायची?

प्रौढ दिव्यांग व्यक्तींच्या एका निवासी केंद्रात ११ वर्षं पर्यवेक्षिका असलेल्या वाचक बाईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

केंद्रात २६ 'मुलं' आहेत, वयं २० ते ५१. कुणाला बौद्धिक अक्षमता आहे, कुणाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), काहींना दोन्ही. नव्याने येणारे मदतनीस बहुतेक विशीतले, आधी असलं काम न केलेले. सहा महिन्यांत निम्मे सोडून जातात. अलीकडे दोन गोष्टी घडल्या. १९ वर्षांचा एक नवा मदतनीस फार कामसू. सकाळी सगळ्यांना झटपट तयार करायचा, त्याच्या कौतुकात तीन महिने गेले. मग एका रहिवाशाची बहीण भेटायला आली आणि म्हणाली, "दादा स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावायचा. आता हात खाली सोडून उभा का राहतो?" दुसरी गोष्ट: एक मदतनीस मुलगी नवव्या दिवशी रडत निघून गेली. एका रहिवासी बाईंनी तिचे केस मुठीत धरून ओढले होते. आता आठ नवे जण येणार आहेत आणि संस्थेने प्रशिक्षणासाठी दोन आठवडे दिले आहेत. बाई लिहितात: "दिव्यांगत्वाच्या प्रकारांवर व्याख्यानं, एक जाड माहितीपुस्तिका आणि शेवटी लेखी परीक्षा असा आराखडा मी केला आहे. पण खरं सांगू का, सेवाभाव मुळातच असावा लागतो, तो शिकवून येत नाही. तर निवडतानाच तो कसा ओळखावा, हे सांगाल का?"

ओळखायच्या फंदात पडू नका, हे माझं पहिलं उत्तर. तुमच्या त्या १९ वर्षांच्या मुलात सेवाभाव कमी होता का? ओसंडून वाहत होता. दादांची बटणं गेली ती त्यामुळेच. त्याला दिसलेलं काम असं होतं: ठरल्या वेळेला सगळे आवरून तयार हवेत. ते त्याने चोख केलं. वर तुम्ही तीन महिने शाबासकी दिलीत, म्हणजे त्याची समजूत पक्कीच झाली.

'सेवाभाव' या शब्दाचं मला वावडं झालंय, हे आधीच कबूल करते. सेवा करायची तर समोर कुणीतरी हतबल लागतो, आणि तो जितका हतबल तितकी सेवा थोर. स्वतःची बटणं स्वतः लावणारा माणूस या हिशेबात तोट्याचाच. शिवाय याच शब्दाच्या आडून पगार कमी ठेवता येतो, रजा नाकारता येते, आणि कुणी कुरकुर केली की 'हिच्यात सेवाभावच नाही' म्हणून विषय मिटवता येतो. वायरमन नेमताना त्याचा वीजभाव कुणी तपासत नाही. काम येतं का, नसेल तर शिकेल का, एवढंच बघतात. निवडताना काही बघायचंच असेल तर उमेदवाराला अर्धा तास रहिवाशांमध्ये बसवा. तो त्यांच्याशी बोलतो, की त्यांच्याबद्दल तुमच्याशी बोलतो, हे पाहा. मला तेवढं पुरतं.

आता एक नाजूक गोष्ट. तुमच्या मूळ पत्रात 'मुलं' हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. त्या मुलांतलं एक ५१ वर्षांचं आहे. तुम्ही प्रेमानेच म्हणता, आणि असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, पिढ्यान् पिढ्या हा शब्द रुळला आहे. पण नवखा माणूस पुस्तिकेतून शिकत नाही, कानावर पडेल ते उचलतो. 'मूल' म्हटलं की भरवणं, आवरणं, दटावणं, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलणं हे सगळं मागोमाग येतं. मग विशीतला पोरगा पन्नाशीच्या गृहस्थांना खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडून विचारतो, "काय रे, संडासला जायचंय का?" आणि कुणी मान वर करून बघत नाही.

म्हणून दोन आठवड्यांतला पहिला तास मी मराठीचा ठेवला असता. तू की तुम्ही, दादा की काका की नुसतं नाव, हे त्या-त्या माणसाला विचारून ठरवायचं. ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याबाबत सोपी कसोटी आहे: याच वयाचा अनोळखी माणूस बाहेर भेटला तर त्याला काय म्हणाल? तेच. अंघोळीबद्दल, लघवीबद्दल जवळ जाऊन हळू आवाजात विचारायचं. खोलीत शिरताना दार वाजवायचं. व्हीलचेअर ढकलण्याआधी 'निघूया का' म्हणायचं आणि तिच्या हँडलवर टेकून गप्पा मारायच्या नाहीत, कारण बसलेल्या माणसाला ती खुर्ची आपल्या अंगासारखीच असते. याला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. फक्त जुन्या मंडळींनी, म्हणजे तुम्हीसुद्धा, आधी सुरुवात करायला हवी.

व्याख्यानांचं काय करायचं? मी बहुतेक काढून टाकली असती. सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय हे तासभर ऐकलेल्या मुलाला सेरेब्रल पाल्सी असलेल्या तुमच्याकडच्या माणसाला पाणी कसं द्यायचं हे येत नाही. एकाच निदानाची दोन माणसं एकमेकांसारखी नसतात. एकाला बोललेलं सगळं कळतं पण शब्द उमटत नाहीत, दुसऱ्याचं उलट. त्यापेक्षा प्रत्येक रहिवाशाचं एक पान करा, शक्य तिथे त्यांना बरोबर घेऊनच. हो कसं म्हणतात, नाही कसं म्हणतात. काय आवडतं, कशाचा धसका आहे. कुठल्या कामात मदत हवी आणि कुठल्यात हात लावलेला खपत नाही. दुखत असेल तर ते कशावरून ओळखायचं. निदान पानाच्या तळाशी एका ओळीत आलं तरी चालेल. दादांचं असं पान असतं आणि त्यात 'बटणं स्वतः लावतात, वेळ लागतो' एवढी पाच शब्दांची नोंद असती, तर हे पत्र मला आलंच नसतं.

आणि लेखी परीक्षेऐवजी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाला एवढंच सांगा: एका रहिवाशाबद्दल पाच मिनिटं बोल, आजाराचं नाव न घेता. कोण किती शिकलंय ते तिथेच कळेल.

हाताने करायची कामं शिकवण्याची एक जुनी, पारखून घेतलेली रीत आहे: सांगायचं, करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि चुकलं तिथे त्याच क्षणी दुरुस्त करून पुन्हा करून घ्यायचं. व्याख्यान पहिल्या पायरीवर संपतं. आपली बहुतेक प्रशिक्षणं तिथेच संपतात. खुर्चीवरून पलंगावर नेण्याचं उदाहरण घ्या. दोन्ही ब्रेक लावले का, पायपट्ट्या वर उचलल्या का, कुठल्या बाजूला जोर आहे हे विचारलं का, 'एक-दोन-तीन' कोण म्हणणार हे ठरलं का, काखेत हात घालून उचललं तर नाही ना (खांदा निखळू शकतो). हे लिहून दिलं की पाठ होतं, करून घेतलं की अंगात भिनतं. रहिवाशाला हात लावण्याआधी नवख्यांनी एकमेकांवर सराव करावा, आणि प्रत्येकाने एकदा तरी 'उचलला जाणारा' व्हावं.

मी स्वतः अशा कामाला लागले तेव्हा मला शिकवणाऱ्या बाईंनी एक खेळ केला होता. खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितलं, आणि माझ्याच एका सहकाऱ्याने माझ्या डोक्याशी उभं राहून मला चमच्याने भरवलं. वरून, भराभर, दुसऱ्या कुणाशी तरी बोलत. तिसऱ्या चमच्याला मला ठसका लागला आणि चौथ्याला राग आला. गिळण्याच्या अडचणींवरचं एकही पान मला आज आठवत नाही, पण तो राग आठवतो. तेव्हापासून मी भरवताना उभी राहिलेली नाही. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, माणूस ताठ बसलेला हवा, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवण झाल्यावर साधारण अर्धा तास आडवं करायचं नाही. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी याच्या वर तज्ज्ञांनी दिलेल्या सूचना असतील, त्या त्यांच्या पानावर हव्यात.

काही गोष्टींत प्रयोगाला जागा नाही आणि त्या पहिल्या दोन दिवसांतच पक्क्या व्हायला हव्यात. फिट आली तर घड्याळ बघायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आजूबाजूच्या वस्तू हलवायच्या, आवरून धरायचं नाही, तोंडात काहीही घालायचं नाही, झटके थांबताच कुशीवर वळवायचं. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट होत नसेल तर तातडीची वैद्यकीय मदत. औषध देताना माणूस, औषध, मात्रा, वेळ आणि द्यायची रीत ही पाचही ताडायची, आणि दिल्यावर लगेच नोंद. आणि अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेल्यांच्या कातडीवर दाबूनही फिका न पडणारा लाल डाग दिसला तर त्याच दिवशी सांगायचं, उद्या नाही. इथे पाठांतर चालेल. पण हे शिकवताना एक धोका असतो: नवखे मदतनीस घाबरतात आणि मग रहिवाशांचं सगळंच बंद करतात. चहाचा कप नको, जिना नको, एकटं अंगणात नको. अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये या अतिकाळजीवर लिहिताना 'धोका पत्करण्याची प्रतिष्ठा' अशी कल्पना मांडली होती. ठेच लागण्याची मुभा नसलेलं आयुष्य माणसाला छोटं करतं, असा तिचा आशय. तुमच्या नवख्यांना हे दोन्ही एकाच तासात ऐकू द्या, वेगवेगळ्या दिवशी नको.

आता पुन्हा बटणांकडे. गेलेलं कौशल्य परत येऊ शकतं, पण 'लावा ना दादा' म्हणून येणार नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या संशोधकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली. त्याने कामाचे बारीक तुकडे केले आणि एका तुकड्यावर शिकणारा अडला तर शिकवण्याची रीत बदलली. दोष शिकणाऱ्याच्या माथी मारला नाही. बटणाचेही असे तुकडे होतात: काठ पकडणं, भोक शोधणं, बटण आडवं करून आत सारणं, पलीकडून ओढणं. मदतनीसाने सगळं करावं, फक्त शेवटचं ओढणं दादांवर सोडावं. ते जमलं की सारणं. असं शेवटाकडून सुरुवातीकडे आलं की प्रत्येक खेपेला काम पुरं करण्याचं समाधान दादांच्या वाट्याला येतं.

मदतीलाही चढण असते, आणि ती खालून चढायची. आधी नुसतं थांबा. मग बोट दाखवा, मग शब्द, मग करून दाखवा, मग हाताला हात लावा, आणि सगळ्यात शेवटी स्वतः करा. यातलं सगळ्यात अवघड काय असेल तर ते पहिलंच. मनात सावकाश दहा मोजेपर्यंत गप्प उभं राहणं कामसू माणसाला शिक्षेसारखं वाटतं. त्याचा वेगळा सराव घ्या, खरंच घड्याळ लावून.

इथे तुम्ही म्हणाल, सकाळी २६ जण आवरायचे, दहा मोजत कोण बसणार? हा आक्षेप खरा आहे आणि तो नवख्यांच्या नव्हे, तुमच्या आणि संस्थेच्या पुढ्यातला आहे. वेळापत्रक तसंच ठेवून प्रशिक्षणात 'थांबा' शिकवलंत तर पहिल्याच सोमवारी वेळापत्रक जिंकेल. सगळ्यांनी एकाच ठोक्याला तयार असण्याची गरज नक्की कुणाची आहे, ते एकदा तपासा. तेही हलत नसेल तर तडजोड करा: प्रत्येक रहिवाशासाठी सध्या एकच काम निवडायचं जिथे आपण थांबणार, आणि बाकीच्यात बिनदिक्कत हात चालवायचा. बटणांचा सराव संध्याकाळी कपडे बदलताना झाला तरी चालतो.

पण मी अजून एक गृहीत धरून बसले आहे, तुम्हीही, दादांची बहीणही: की दादांना बटणं लावायची आहेत. त्यांना विचारलं का? दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढलेले अमेरिकेतले एड रॉबर्ट्स यांना १४व्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं जवळपास सगळं शरीर लुळं पडलं, श्वासासाठी यंत्र लागे. कपडे चढवायला दुसरा माणूस लागायचा. त्याच माणसाने सोबत्यांबरोबर १९७२ मध्ये बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं, आणि ज्या सरकारी पुनर्वसन विभागाने एकेकाळी 'नोकरी करण्याच्या पलीकडचा' ठरवलं होतं, त्याच विभागाचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला. त्याचं स्वातंत्र्य बोटांत नव्हतं. कोण, कधी, कशी मदत करणार हे तो ठरवायचा. दादांनाही कदाचित सकाळची ताकद बटणांवर न घालवता दुसऱ्या कशासाठी राखायची असेल. किंवा कदाचित त्या मुलाने जवळ येऊन दोन शब्द बोलत बटणं लावणं त्यांना आवडत असेल. दिवसभरात तेवढाच निवांत स्पर्श मिळत असेल. ते आळसाचं लक्षण समजू नका.

नवव्या दिवशी गेलेल्या मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, म्हणून मी थोडं जास्त लिहिते. ज्याला शब्द नाहीत त्याचं वागणं हेच त्याचं बोलणं, हे तिला कुणी सांगितलं होतं का? केस ओढण्याआधी काय चाललं होतं, नंतर काय झालं, हे तीन-चार वेळा लिहून काढलं तर बहुधा सूत्र सापडतं: नको असलेलं काम टळतं, कुणीतरी लक्ष देतं, हवी ती वस्तू मिळते, किंवा गोंगाट सहन होत नसतो. आणि वागणं अचानक बदललं असेल तर आधी शरीर तपासा. दाढ, कान, बद्धकोष्ठ, पाळीची कळ. 'त्या तशाच आहेत' या वाक्याखाली कित्येक दाढा किडत राहतात.

केस पकडले गेले तर मागे ओढायचं नाही, तो हात आपल्या डोक्याशी दाबून धरायचा आणि त्या माणसाच्या जवळ सरकायचं, म्हणजे ताण कमी होतो. हे जाणकाराकडून नीट शिकवून घ्या, पुस्तिकेत छापून नको. याहून महत्त्वाचं, त्या संध्याकाळी तिच्याशेजारी कोण बसलं? 'होतं असं, सवय होईल' हे धीराचं वाक्य नाही, ते दार दाखवणं आहे. पहिला महिनाभर नवख्याला एकट्याने शिफ्ट देऊ नका, आणि असं काही घडलं तर घरी जाण्याआधी पंधरा मिनिटं कुणीतरी त्याच्याजवळ बसावं: काय झालं, तुला काय वाटलं, उद्या वेगळं काय करू. माझं ऐकाल तर तिला एक फोन करा. परत ये म्हणायला नको. का गेलीस, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. ती कदाचित पगाराचंही बोलेल. तेही ऐकून घ्या आणि वर कळवा, कारण तुटपुंज्या पगाराची भरपाई कुठल्याही प्रशिक्षणाने होत नाही.

शिकवणार कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही आणि एखादे डॉक्टर, असा माझा अंदाज आहे. रहिवाशांपैकी निदान दोघे-तिघे शिक्षक म्हणून हवेत, मानधन देऊन. 'मला उचलताना सगळे काय चुकतात' हा तास त्यांच्याइतका चांगला कुणीच घेऊ शकणार नाही. दादांच्या बहिणीलाही बोलवा. तुम्हाला तीन महिन्यांत जे दिसलं नाही ते तिला एका भेटीत दिसलं. आणि जुन्या मदतनीसांना विसरू नका. नव्याला 'ते ट्रेनिंगमध्ये ठीक आहे, इथे असं चालतं' हे वाक्य पहिल्याच शिफ्टला ऐकवलं जातं, आणि दोन आठवडे पाण्यात जातात. त्यातले दोन चांगले हात निवडा, नव्यांच्या सोबतीसाठी त्यांच्या इतर कामातून वेळ काढून द्या. महिन्याने आणि तीन महिन्यांनी प्रत्येक नव्याचं काम दहा मिनिटं शेजारी उभं राहून बघा. दोष शोधायला नको, तिथल्या तिथे दुरुस्त करायला.

एक शेवटचं, जे अशा आराखड्यांत हमखास राहून जातं. नव्याने जुन्याला रहिवाशाशी धसमुसळेपणा करताना पाहिलं, तर त्याने कुणाला सांगायचं? पहिल्याच दिवशी दोन नावं द्या, त्यातलं एक केंद्राबाहेरचं असावं, आणि सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही हे तोंडी नव्हे, लेखी द्या. हे दिलं नाही, तर तो दुसऱ्याच आठवड्यात गप्प बसायला शिकेल.

आता त्या मुलाशी बोला. रागावू नका, त्याला हे कळेल तेव्हा तो आधीच खजील होईल. त्याला घेऊन दादांकडे जा, निवांत वेळी, आवरण्याच्या घाईत नको. शर्ट समोर ठेवा, विचारा, आणि उत्तर शब्दांत येईल असं न धरता थांबा. दादांनी हात पुढे केला तर शेवटच्या बटणापासून सुरुवात करा. त्यांनी मुलाकडे बघून छाती पुढे केली तर मुलाने बटणं लावावीत. दोन्हीपैकी जे होईल ते त्यांच्या पानावर तारखेसह लिहा, आणि महिन्याने पुन्हा विचारा.